ससेक्स स्पॅनियल घरी आणण्याआधी : स्वभाव, आवाज आणि निगा यांविषयी मार्गदर्शन हवे

प्रश्न : रेडिंगकर

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. घरात मी, पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी. शिवाय उन्हाळ्याचे काही महिने साताऱ्याहून माझी आई येऊन राहते. कुत्रा पाळायचा हे बरेच दिवस ठरत होते. या मार्चमध्ये बर्मिंगहॅमच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात ससेक्स स्पॅनियल ही जात आम्ही प्रथमच जवळून पाहिली आणि घरातल्या सगळ्यांच्या मनात तीच भरली. बुटका, लांबट, भरभक्कम बांध्याचा आणि सोनेरी झाक असलेल्या तपकिरी केसांचा एक कुत्रा तिथे मुलीच्या बुटांवर हनुवटी टेकवून बराच वेळ पडून होता. भोवतालच्या गर्दीचे त्याला काहीच वाटत नव्हते.

त्यानंतर चौकशी केली तेव्हा परस्परविरोधी गोष्टी कानावर आल्या. काही जण म्हणतात की स्पॅनियल जातींमध्ये हा सर्वांत शांत. काही म्हणतात की याच्याइतका तोंडाळ दुसरा नाही. आमचे घर जोडघर आहे, म्हणजे एका बाजूची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे, त्यामुळे हा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. पत्नी रुग्णालयात पाळ्यांमध्ये काम करते. मी आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करतो, उरलेले दोन दिवस कार्यालयात जातो. त्या दोन दिवसांचे काय करावे, वयस्कर आईला या कुत्र्याचा त्रास होईल का, आणि पिल्लू घेण्यापूर्वी ब्रीडरकडे कोणकोणत्या तपासण्यांचे कागद मागावेत, हे अनुभवी लोकांकडून जाणून घ्यायचे आहे. केसांची आणि कानांची निगा किती राखावी लागते, हेही सांगावे.

उत्तर : मृण्मयी, लुईस

तुम्ही ऐकलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. हा कुत्रा चालीने, वागण्याने शांत आहे आणि गळ्याने अजिबात शांत नाही. याचे कारण तो ज्या कामासाठी घडवला गेला त्यात आहे. पूर्व ससेक्समध्ये ब्राइटलिंगजवळ रोजहिल नावाची जहागीर होती आणि तिथल्या फुलर घराण्याने अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ही जात जोपासली. आम्ही राहतो तो हाच परगणा. पावसाळी दिवसांत इथली चिकणमाती बुटाला धरून ठेवते आणि जुन्या रानांत काटेरी जाळ्या इतक्या दाट असतात की आत शिरलेला बुटका कुत्रा दोन पावलांवर दिसेनासा होतो. बहुतेक स्पॅनियल मुकाट्याने काम करणारे हवे असत. इथे मात्र वास लागताच कुत्र्याने आवाज द्यावा, म्हणजे तो जाळीत कुठे आहे हे बंदूक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कळावे, अशी गरज होती. आवाजाच्या पट्टीवरून पुढे ससा आहे की पक्षी हेही ओळखता येते, असे जुने रखवालदार सांगत. ज्या गुणासाठी पिढ्यानुपिढ्या निवड झाली, तो गुण रेडिंगच्या बैठकीच्या खोलीत आला म्हणून नाहीसा होणार नाही.

प्रत्यक्षात हे कसे दिसते ते सांगते. दाराची घंटा वाजली, मी पट्टा हातात घेतला, मुले शाळेतून आली, की आमचा कुत्रा आधी दोनदा खोल आवाजात भुंकतो आणि मग मान वर करून लांब हेल काढतो. हा हेल सामाईक भिंतीतून पलीकडे सहज ऐकू जातो. माणसे घरात असताना हे काही क्षणांत थांबते. खरा प्रश्न एकटेपणाचा आहे. या जातीला माणसाचा सहवास फार लागतो. एकटे राहण्याची सवय लहानपणापासून हळूहळू लावली नाही तर घर रिकामे झाल्यावर तो तासन्‌तास ओरडू शकतो. तुम्हाला कळणारही नाही, कारण तुम्ही घरी नसाल. कळेल ते शेजाऱ्यांना. म्हणून पिल्लू आणण्याआधी शेजाऱ्यांशी बोलून ठेवा. पिल्लू आल्यावर पहिल्या आठवड्यापासून दुसऱ्या खोलीत एक मिनिट, मग पाच मिनिटे, मग अर्धा तास, असे त्याला न रडवता वाढवत न्या. रडू आले तर आपण घाई केली असे समजून एक पायरी मागे या. रडून रडून आपोआप शिकेल हा सल्ला या कुत्र्याच्या बाबतीत घातक ठरतो.

मोठ्या कुत्र्यालाही सलग चार तासांपेक्षा जास्त एकटे ठेवू नये, असे इथे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. त्यामुळे कार्यालयाच्या दोन दिवसांची सोय आधी ठरवा आणि पिल्लू नंतर ठरवा. दुपारी येऊन फिरवून नेणारे माणूस, किंवा एखाद्या ओळखीच्या घरी दिवसभर ठेवण्याची सोय, यांपैकी एक तरी पक्के असायला हवे. पत्नीच्या पाळ्या बदलत्या असतील तर त्यांच्या भरवशावर वेळापत्रक बांधू नका.

स्वभावाबद्दल आणखी एक गोष्ट पुस्तकी वर्णनांत नीट येत नाही. जड भुवयांमुळे हा कुत्रा सतत कपाळाला आठ्या घालून बसल्यासारखा दिसतो आणि पाहुण्यांना तो उदास वाटतो. प्रत्यक्षात तो आनंदी असतो, विनोदी म्हणावे इतका. पण तो हट्टी आहे आणि त्याच वेळी मनाने हळवा आहे. आमचा कुत्रा फाटकापाशी कधी कधी चारही पाय रोवून उभा राहतो, वजन पुढच्या पायांवर टाकतो आणि मुद्दाम दुसरीकडे पाहतो. पट्टा ओढला तर तो सरळ बसतो. आवाज चढवला तर कान मागे जातात आणि पुढचा अर्धा तास त्याच्याकडून काहीही करून घेता येत नाही. पट्टा सैल सोडून मी शांतपणे उलट दिशेला दोन पावले टाकली की तो आपण होऊन मागे येतो. शिकवणे खाऊ देऊन, थोडे थोडे आणि रोज करावे. हा कुत्रा उशिरा समजूतदार होतो. कॉकर स्पॅनियल वर्षभरात जे शिकतो त्याला इथे दोन वर्षे द्यायची तयारी ठेवा. काही पिल्ले खाण्याच्या भांड्याची किंवा खेळण्याची राखण करू लागतात. अशा वेळी वस्तू हिसकावून घेऊ नये. तिच्या बदल्यात काहीतरी चांगले द्यावे, आणि मुलीलाही हे आधीच शिकवून ठेवावे.

आईंविषयी. हा कुत्रा त्यांच्या अंगावर उड्या मारेल असे मला वाटत नाही, पण तो पायांत पडून राहील. सुमारे तेवीस किलो वजनाचा, जमिनीलगतचा, गडद रंगाचा कुत्रा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आडवा झोपतो, आणि हातात भांडे असलेल्या वयस्कर माणसाला तो दिसत नाही. त्या काळात स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी लावतात तसे फाटक लावा. दुसरे म्हणजे खाणे. आपल्या घरांत आजी कुत्र्याला उपाशी पाहू शकत नाही आणि ससेक्स नेहमीच उपाशी दिसतो. आईंना एवढे मात्र प्रेमाने पण ठामपणे सांगा, की कांदा-लसूण घातलेली आमटी किंवा भाजी आणि बेदाणे घातलेला शिरा त्याला कधीही द्यायचा नाही. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि बेदाण्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते. थोडेसेच दिले म्हणून चालेल असे नाही. त्यांच्या हातून काही द्यायचेच असेल तर उकडलेल्या गाजराचा किंवा काकडीचा तुकडा द्यावा. लांब पाठीच्या या कुत्र्याचे वजन वाढणे परवडत नाही.

केसांचे काम वाटते त्यापेक्षा कमी आहे. आठवड्यातून दोन-तीनदा ब्रश आणि कंगवा फिरवायचा, पायांच्या, छातीच्या आणि कानांमागच्या लांब केसांत गुंता होऊ द्यायचा नाही. सरसकट मशीन फिरवून केस कापू नयेत. तो सोनेरी रंग केसांच्या टोकांवर असतो आणि कापल्यावर पोत बदलतो. चिखल मात्र भरपूर घरात येईल, ते गृहीत धरा.

उत्तर : अनुराधा, पशुवैद्य, ब्रिस्टल

मृण्मयीताईंनी स्वभावाचे सविस्तर सांगितले आहे, म्हणून मी प्रकृतीपुरतेच लिहिते.

पहिली गोष्ट हृदय. या जातीत फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीच्या तोंडाशी अरुंदपणा असणे, आणि जन्मानंतर लगेच बंद व्हायला हवी अशी हृदयाजवळची एक रक्तवाहिनी उघडीच राहणे, हे दोन जन्मजात दोष आढळतात. दुसऱ्या दोषाचा आवाज डाव्या बगलेत बराच वरच्या बाजूला ऐकू येतो आणि घाईच्या तपासणीत तो निसटू शकतो. म्हणून पहिल्या लसीच्या वेळी पशुवैद्याला स्पष्टपणे सांगा की ही ससेक्स जात आहे, आणि दोन्ही बगलांत स्टेथोस्कोप लावून निवांत ऐकावे. शंका आली तर हृदयतज्ज्ञाकडून सोनोग्राफी करून घ्यावी. ती रक्तवाहिनी वेळीच बंद केली तर पुष्कळ कुत्रे पुढे नेहमीसारखे आयुष्य जगतात. उशीर झाला तर हृदय थकत जाते.

दुसरी गोष्ट पीडीपी१ या विकराची कमतरता. हे विकर साखरेपासून पेशीला ऊर्जा मिळवून देणाऱ्या साखळीतील एक कळ सुरू करते. ते नसेल तर थोड्याशा पळण्यानेही रक्तात लॅक्टिक आम्ल साठते आणि पिल्लू काही पावलांत धापा टाकत बसते किंवा कोसळते. हा दोष ससेक्स आणि क्लंबर या दोन स्पॅनियल जातींत दिसतो आणि त्याची जनुकीय चाचणी उपलब्ध आहे. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर ती होते. पिल्लाच्या आई-वडिलांचे या चाचणीचे निकाल पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

याशिवाय दोन्ही पालकांच्या खुब्यांच्या क्ष-किरण तपासणीचे गुण मागा. पिल्लाला वर्षभर जिने चढू-उतरू देऊ नये, गाडीतून उडी मारू देऊ नये आणि गुळगुळीत फरशीवर पळवू नये. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली हवा.

उत्तर : कॉकरवाली, पुणे

मी कधी ससेक्स पाहिलेला नाही, पण माझ्याकडे कॉकर आहेत आणि कानांच्या बाबतीत सगळे लांबकाने स्पॅनियल सारखेच त्रास देतात, म्हणून लिहिते. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते. वरून केसाळ, जड पाळी पडलेली असल्यामुळे आत हवा खेळत नाही. पुण्यात जून ते सप्टेंबर या ओल्या दिवसांत आमच्याकडे हे दुखणे डोके वर काढतेच. दर आठवड्याला पाळी उलटून पाहावी आणि वास घ्यावा. आंबूस वास, तपकिरी चिकट मळ किंवा लालसर कातडी दिसली तर घरगुती तेल न घालता डॉक्टरांकडे जावे. स्वच्छ करताना डॉक्टरांनी दिलेले द्रावण नळीत सोडायचे, कानाच्या मुळाशी बोटांनी चोळायचे. आत चुबुक चुबुक असा आवाज आला की द्रावण खोल पोचले. मग कुत्र्याला डोके झटकू द्यायचे आणि वर आलेला मळ कापसाने टिपायचा. काडीला गुंडाळलेला कापूस आत घालू नये, त्याने मळ आणखी खाली ढकलला जातो. जेवताना कान भांड्यात पडू नयेत म्हणून उभे आणि अरुंद तोंडाचे भांडे घेतले तर निम्मे काम वाचते.

एक विचारायचे होते. ही जात भारतात आणून पाळणे योग्य ठरेल का? वर्णन वाचून फार आवडली.

उत्तर : अनुराधा, पशुवैद्य, ब्रिस्टल

कानांविषयी लिहिलेले सगळे तंतोतंत बरोबर आहे.

भारतात आणण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे : आणू नये. दाट केसांचा, जड अंगाचा आणि जमिनीलगत चालणारा हा कुत्रा इंग्लंडमध्येही कडक उन्हाच्या दुपारी धापा टाकतो. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत त्याला दिवसभर थंड खोलीत कोंडून ठेवावे लागेल आणि माणसांत वावरण्यासाठी जन्मलेल्या कुत्र्याला ते आयुष्य देणे बरे नाही. शिवाय ही जात इतकी थोडी उरली आहे की प्रत्येक निरोगी कुत्रा इथल्या ब्रीडरांच्या आवाक्यात असणे गरजेचे आहे. वर्षभरात तीनशेपेक्षा कमी पिल्लांची नोंद होणाऱ्या मूळच्या ब्रिटिश जातींना इथला केनेल क्लब धोक्यातील जाती मानतो; ससेक्सची नोंद कित्येक वर्षांत शंभरावरही जात नाही.

रेडिंगकर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून आम्ही घरी बसून चर्चा केली. कार्यालयाच्या दोन दिवसांसाठी जवळच राहणाऱ्या, कुत्र्यांची आवड असलेल्या एका निवृत्त जोडप्याने होकार दिला आहे. शेजाऱ्यांशीही बोललो; त्यांची हरकत नाही, पण रात्रीचा आवाज नको एवढे त्यांनी सांगितले.

आता एक अडचण समोर आली आहे. ज्या बाईंकडे प्रतीक्षायादीत नाव घातले होते त्यांनी प्रामाणिकपणे कळवले की होणाऱ्या वेताची आई पीडीपी१ दोषाची वाहक आहे; वडील मात्र दोषमुक्त आहेत. पत्नीचे म्हणणे असे की दोष असलेल्या घराण्याचे पिल्लू घेण्यापेक्षा आणखी वर्षभर थांबावे. अनुराधाताई, तुमचे मत काय?

उत्तर : अनुराधा, पशुवैद्य, ब्रिस्टल

केवळ या कारणासाठी नाकारू नका, असे मी आग्रहाने सांगेन. दोष होण्यासाठी सदोष जनुकाच्या दोन्ही प्रती, आईकडून एक आणि वडिलांकडून एक, मिळाव्या लागतात. वाहक मादी आणि दोषमुक्त नर यांच्या वेतात एकही पिल्लू आजारी निघणार नाही. प्रत्येक पिल्लू वाहक असण्याची शक्यता निम्मी, आणि वाहक कुत्रा स्वतः धडधाकट असतो, पळतो, पोहतो, म्हातारा होतो. दोन वाहकांचा संयोग झाला तर मात्र चारात एक पिल्लू बाधित निघण्याची शक्यता असते, आणि तो संयोग टाळता यावा यासाठीच ही चाचणी आहे.

वाहक कुत्र्यांना सरसकट वगळण्याचा मोह या जातीच्या मुळावर येईल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकारी कुत्री पोसणे बहुतेकांना परवडेनासे झाले आणि ससेक्स स्पॅनियल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. जॉय फ्रीअर या बाईंनी त्या टंचाईच्या दिवसांत आपली कुत्री सांभाळली म्हणून आज ही जात आहे. आजचे ससेक्स मोठ्या प्रमाणावर त्यांच्याच कुत्र्यांचे वंशज आहेत. रक्त फार जवळचे झाल्यामुळे पुढे १९५०च्या दशकात क्लंबर स्पॅनियलशी संकरही करावा लागला. इतक्या अरुंद पायावर उभ्या असलेल्या जातीतून एका टाळता येण्याजोग्या दोषासाठी प्रत्येक वाहक काढून टाकला, तर त्यांच्याबरोबर त्यांची बाकीची चांगली जनुकेही जातील आणि उरलेल्यांत न तपासता येणारे दुसरे दोष डोके वर काढतील. त्या बाईंनी निकाल स्वतःहून सांगितला, ही माझ्या दृष्टीने त्यांच्याकडून पिल्लू घेण्याची जमेची बाजू आहे. मी त्यांना इतकेच विचारेन की मादीचे हृदय आणि खुबे तपासले आहेत का, आणि यापूर्वीच्या वेतातील पिल्ले आता कशी आहेत.

तुम्हाला पुढे पैदास करायची नसेल तर पिल्लू वाहक आहे की नाही याने तुमच्या घरी काहीच फरक पडणार नाही.

उत्तर : मृण्मयी, लुईस

अनुराधाताईंशी मी पूर्ण सहमत आहे. वय आणि प्रकृतीविषयी लोक फार घाबरवतात, म्हणून एक आठवण करून देते : २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर प्रदर्शनात सर्वोत्कृष्ट ठरलेला स्टंप हा ससेक्स स्पॅनियलच होता, आणि तेव्हा तो दहा वर्षांचा होता. त्या प्रदर्शनात इतक्या वयाचा विजेता त्याआधी झाला नव्हता. त्याच्या काही वर्षे आधी तो गंभीर आजारातून वाचला होता. नीट सांभाळलेला ससेक्स उतारवयातही असा उभा राहतो.

ब्रीडरकडे जाल तेव्हा पिल्ले त्यांच्या आईसोबतच पाहा. सहा महिन्यांखालील पिल्लू मधल्या विक्रेत्याकडून विकायला इंग्लंडमध्ये २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे आई दाखवायला कुणी टाळाटाळ केली तर तिथून निघून यावे. आठ आठवड्यांआधी पिल्लू ताब्यात घेऊ नये आणि घेताना मायक्रोचिपची नोंद तुमच्या नावावर करून घ्यावी. जमल्यास वडिलांनाही भेटा, आणि ब्रीडरबाईंना थोडा वेळ खोलीबाहेर जायला सांगा. आई-वडील एकटे पडल्यावर कसे वागतात आणि त्यांचा आवाज किती मोठा आहे हे तेव्हा कळेल; सामाईक भिंत असलेल्या घरासाठी हे ऐकून ठेवणे फार उपयोगाचे आहे.

पिल्लू उन्हाळ्यात घरी येणार असेल तर आणखी एक काळजी घ्या. जून-जुलैमध्ये इथले रानगवत वाळते आणि त्याची टोकदार कुसळे फिरताना केसांत अडकतात. ससेक्सच्या बोटांमध्ये दाट केस असतात. कुसळ तिथून कातडीत शिरते आणि आत सरकत जाते, बाहेर दिसते ती फक्त एक ओली, सुजलेली पुळी. फिरून आल्यावर प्रत्येक पंजा उलटा धरून बोटे फाकवून पाहायची, मग बगला, मग कानाच्या पाळीची आतली बाजू. एखाद्या दिवशी तो अचानक डोके एका बाजूला कलते ठेवून झटकू लागला तर कुसळ कानात गेले असे धरून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.